‘ॲबा’ची फ्रिडा: आवाज वेगळा कसा ओळखायचा, आणि ॲबाच्या आधी व नंतर तिने काय गायलं?

सूरपेटी (प्रश्न)

ॲबा या स्वीडिश पॉप गटाची दहा-बारा गाणी पाठ असलेली माणसं भरपूर भेटतात, पण ‘दोन गायिकांपैकी यात फ्रिडा कोणती आणि अग्नेथा कोणती?’ असं विचारलं की सगळे गप्प. फ्रिडाबद्दल वाचायला गेलं तर दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सापडतात: वडील जर्मन सैनिक होते आणि नंतर तिचं लग्न एका राजघराण्यात झालं. गायिका म्हणून ती कशी घडली, हे कुणी नीट लिहीत नाही. म्हणून इथे विचारतेय.

१. ॲबाच्या आधी ती काय करत होती? थेट ‘वॉटर्लू’पासून तर सुरुवात झाली नसणार.
२. दोघींचे आवाज कानाने वेगळे करायचे तर कोणती गाणी, कोणत्या क्रमाने ऐकावीत?
३. दोन मुली आणि दोन मुलगे असा चौघांचा गट ‘फर्नांडो’ बसवतोय, रेकॉर्डिंग घरीच करणार आहोत. सूर बरोबर लागतात, तरी ॲबासारखा भरीव, चमकदार आवाज येत नाही. ते नेमकं काय करत होते?
४. ॲबा थांबल्यानंतरचे तिचे कोणते अल्बम ऐकावेत?

एलपीडबा

पहिला प्रश्न घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच उभी आहेत. ६ एप्रिल १९७४ ला ब्रायटनमध्ये ॲबाने ‘वॉटर्लू’ गाऊन युरोव्हिजन ही युरोपातली गीतस्पर्धा जिंकली तेव्हा फ्रिडा २८ वर्षांची होती आणि जवळपास १५ वर्षं बिदागी घेऊन गात होती. ॲबाच्या चौघांमध्ये (फ्रिडा, अग्नेथा, बेनी, ब्यॉर्न) वाद्यवृंदासमोर उभं राहून गाण्याचा सगळ्यात जुना सराव तिचा.

फ्रिडाचा, म्हणजे आन्नी-फ्रिड लिंगस्टॅडचा, जन्म १५ नोव्हेंबर १९४५ चा, उत्तर नॉर्वेत नार्विकजवळच्या ब्यर्कोसेन या खेड्यातला. नॉर्वे पाच वर्षं जर्मनीच्या ताब्यात होता. युद्ध संपल्यावर जर्मन सैनिकांपासून झालेल्या मुलांना आणि त्यांच्या आयांना गावोगाव फार वाईट वागवलं गेलं. आजी आर्न्टीने १९४७ मध्ये नातीला घेऊन स्वीडन गाठलं. मागून आई सिन्नीही आली, पण त्याच वर्षी मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. वय अवघं २१. पुढे आजीनेच शिवणकाम करून फ्रिडाला वाढवलं, एस्किल्स्टूनाजवळच्या तोर्शेला गावात. वडील आल्फ्रेड हासे युद्धानंतर परतताना जहाज बुडून गेले असंच घरी धरून चालले होते. १९७७ मध्ये ‘ब्राव्हो’ या जर्मन मासिकात तिच्या आईवडिलांची नावं छापून आली, ती हासेंच्या घरच्यांच्या वाचनात आली, आणि त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये बापलेकीची पहिली भेट झाली. ती तेव्हा ३१ वर्षांची होती. या कहाणीवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत, म्हणून मी इथेच थांबतो.

आता गाण्याकडे. तेराव्या वर्षी ती एवाल्ड एक यांच्या नृत्य-वाद्यवृंदात गायला लागली. शनिवार-रविवारचे कार्यक्रम पाच-पाच तासांचे, समोर नाचणारी जोडपी. अशा ठिकाणी लय एवढीशी हलली तरी नाचणाऱ्यांचे पाय चुकतात, त्यामुळे गायिकेला तालाशी सलगी करून चालत नाही. तिथून ती बेंग्ट सँडलुंडच्या पंधरा जणांच्या बिगबँडमध्ये गेली, म्हणजे ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, ग्लेन मिलर या वळणाचं जॅझ संगीत. एला फिट्झजेराल्ड आणि पेगी ली हे तिचे आदर्श. मग १९६३ मध्ये स्वतःचं ‘आन्नी-फ्रिड फोर’. शब्द तालाच्या किंचित मागे ठेवायचा आणि तरी सम चुकवायची नाही, हे तिच्या गाण्यात पुढे सतत ऐकू येतं ते या शाळेतलं.

३ सप्टेंबर १९६७ ही तारीख मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्टॉकहोमच्या स्कान्सेनमध्ये नव्या गायकांची राष्ट्रीय स्पर्धा होती, ती तिने ‘एन लेडिग डाग’ गाऊन जिंकली. जिंकणाऱ्याला त्याच रात्री ‘हीलांड्स हर्ना’ या सर्वांत लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात गायचं आहे, हे स्पर्धकांना आधी सांगितलंच नव्हतं. आणि ती रात्र साधी नव्हती. त्याच पहाटे सगळा स्वीडन रस्त्याच्या डाव्या बाजूकडून उजव्या बाजूला आला होता. गाड्या बाहेर काढू नका, घरी बसा, असं लोकांना सांगितलेलं, त्यामुळे सगळा देश टीव्हीसमोर होता. एस्किल्स्टूनाची एक डान्सबँड गायिका एका रात्रीत देशाला माहीत झाली. लगोलग ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा करार.

त्यापुढची चार-पाच वर्षं मात्र संथ गेली. एकल गाणी निघत होती, गाजत नव्हती. १९६९ च्या मेलोदीफेस्टिवालेनमध्ये (युरोव्हिजनसाठी स्वीडनचं गाणं निवडणारी स्पर्धा) ती चौथ्या जागी बरोबरीत राहिली. त्याच स्पर्धेत बेनी अँडरसनचंही गाणं होतं, आणि दोघांची गाठ त्याच सुमारास पडली. १९७१ चा तिचा पहिला अल्बम ‘फ्रिडा’ बेनीने केला. त्याच वर्षी ‘मिन एगेन स्टाड’ हे तिचं गाणं स्वीडनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. ते जरूर शोधून ऐका. चाल बेनीचीच, हेप स्टार्स या त्याच्या आधीच्या बँडच्या काळातली, आणि मागे गाणाऱ्यांत बेनी, ब्यॉर्न, अग्नेथा तिघंही आहेत. ‘ॲबा’ हे नाव पडायच्या आधी चौघांचे आवाज ज्या तबकड्यांवर एकत्र आले त्यांतली ही एक, आणि हिच्यात पुढे फ्रिडा होती.

खर्ज_ते_तार

दुसऱ्या प्रश्नावर एक गैरसमज आधी काढून टाकते. ‘वरचा आवाज अग्नेथाचा, खालचा फ्रिडाचा’ असं सर्रास सांगितलं जातं आणि त्यावर विसंबलं की निम्म्या गाण्यांत फसायला होतं. अग्नेथा सोप्रानो (उंच स्त्री-आवाज) आणि फ्रिडा मेझो-सोप्रानो (त्याहून जरा खालचा) हे खरं, पण फ्रिडाची वरची बाजूही मजबूत होती. ‘द डे बिफोर यू केम’मध्ये पुढे अग्नेथा जवळजवळ बोलल्यासारखी गाते आणि मागे ऑपेराच्या धर्तीचा तो उंच, शब्दांशिवायचा आवाज येतो, तो फ्रिडाचा आहे. तरुणपणी तिने एका ऑपेरा गायकाकडे धडे घेतले होते, ते तिथे कामी आलेले दिसतात.

म्हणून उंची ऐकू नका, पोत ऐका. अग्नेथाचा आवाज टोकदार आणि उजळ, शब्दाच्या पहिल्याच क्षणी पूर्ण लागलेला, आणि दुःखाच्या ओळीत गळा भरून आल्यासारखा. फ्रिडाचा आवाज गोल आणि गडद. लांब सुराला ती आधी सरळ धरते आणि शेवटाकडे त्याला आंदोलन देते. खालच्या सुरांत तिचा आवाज विरत नाही, उलट भरतो.

कान तयार करायला हा क्रम घ्या, हेडफोन लावून:

पहिल्यांदा ‘फर्नांडो’चा अंतरा आणि लगेच ‘एसओएस’चा अंतरा, प्रत्येकी अर्धा मिनिट, तीन-चार वेळा आलटून पालटून. पहिला निव्वळ फ्रिडा, दुसरा निव्वळ अग्नेथा. इतका स्वच्छ फरक दुसऱ्या कुठल्या जोडीत मिळणार नाही.

मग फ्रिडाची मुख्य गाणी: ‘मनी, मनी, मनी’, ‘नोइंग मी, नोइंग यू’, ‘सुपर ट्रूपर’, ‘अँडान्टे, अँडान्टे’, ‘अवर लास्ट समर’. ‘मनी, मनी, मनी’मध्ये कॅबरेचा नाटकीपणा आहे, ‘अवर लास्ट समर’मध्ये नुसती आठवण. एकच बाई एवढ्या वेगवेगळ्या भूमिकांत शिरते याचं मला फार अप्रूप आहे.

त्यानंतर ‘द नेम ऑफ द गेम’, कारण त्यात दोघींचे एकेकटे तुकडे आहेत आणि एकत्रही आहेत.

‘डान्सिंग क्वीन’, ‘मामा मिया’, ‘वॉटर्लू’ अगदी शेवटी ठेवा. यांत दोघी जवळजवळ सतत बरोबर गातात आणि दोन आवाज मिळून तिसराच होतो. तो वेगळा करायचा तर डोक्यात आधी दोन्ही नमुने पक्के हवेत. अनेक जण नेमकी याच गाण्यांपासून सुरुवात करतात आणि हात टेकतात.

जाता जाता, ‘द व्हिजिटर्स’ या १९८१ च्या अल्बमचं शेवटचं गाणं ‘लाइक अन एंजल पासिंग थ्रू माय रूम’ चुकवू नका. त्यात फ्रिडा एकटी आहे, मागे दुसरा आवाज नाही. ॲबाच्या गाण्यांत असं पुन्हा कुठे झालेलं नाही. तिच्या आवाजाला काहीही न लावता तो कसा होता, ते तिथे कळतं. त्याच अल्बममधलं ‘व्हेन ऑल इज सेड अँड डन’ बेनी आणि फ्रिडाच्या घटस्फोटावरून ब्यॉर्नने लिहिलं आणि गायला तिलाच दिलं. तिने ते रडवेलं न करता ताठ मानेने गायलं आहे.

मिक्सरवाला

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, थोडक्यात सांगून भागणार नाही.

ॲबाचा ध्वनिमुद्रक मिकाएल ट्रेटो. अमेरिकन निर्माता फिल स्पेक्टरच्या रेकॉर्डिंगमध्ये एकाच खोलीत तीन-तीन गिटार, दोन-दोन पियानो एकदम वाजायचे. तो दाटपणा ट्रेटोला हवा होता आणि तेवढे वादक परवडणारे नव्हते. म्हणून १९७३ च्या ‘रिंग रिंग’पासून त्याने तेच वादक घेऊन तोच भाग पुन्हा वाजवून घेतला, आणि दुसऱ्या वेळी टेपचा वेग किंचित बदलला. टेप मूळ वेगावर आणली की नवा थर केसभर वर किंवा खाली लागतो. दोन जवळच्या सुरांमधला तो थरथराट कानाला भरीवपणा वाटतो.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ही युक्ती वाद्यांवर आणि गळ्यावर सारखी चालत नाही. पियानो, गिटार यांची पट्टी ठरलेली, ती टेपच्या मागे जात नाहीत, म्हणून मूळ वेगावर सूर सरकलेला मिळतो. गायक मात्र कानात जे वाजतंय त्याला जुळवून गातो. टेप संथ केली तर तो तेवढाच खाली गातो आणि वेग पूर्ववत केला की सूर पुन्हा बरोबर जागेवर. बदलतो तो फक्त आवाजाचा रंग: थोडा पातळ, उजळ, तरुण. सुरातला फरक हवा असेल तर तो दोन खऱ्या वेळच्या गाण्यातूनच यायला हवा. अग्नेथा आणि फ्रिडा दोघी, आणि दोघींनी तोच भाग पुन्हा पुन्हा गायलेला. तो आवाज मुख्यतः त्यातून आला आहे. शिवाय बेनी आणि ब्यॉर्न गाण्यांची पट्टी मुद्दाम उंच ठेवायचे. दोघींना जरा ताण पडेल अशी. त्या ताणाने आवाजाला धार येते.

घरी हे असं करा:

१. दोन्ही मुलींकडून मुख्य ओळ प्रत्येकी दोनदा गाऊन घ्या. चार ट्रॅक झाले. माइकपासून पहिल्या वेळी साधारण १५ ते २० सेंटिमीटर, दुसऱ्या वेळी २५ ते ३०. दुसरा थर जरा लांबचा असला की पहिल्यावर चढत नाही.

२. दुसऱ्या वेळी कानात पहिला ट्रॅक फार मोठा ठेवू नका. आपलाच आवाज मोठा ऐकू आला की गायिका त्याच्या मागून चालते आणि प्रत्येक शब्द उशिरा पडतो.

३. दोन ट्रॅकमधला फरक २०-३० मिलिसेकंदांच्या आत ठेवा. ५० च्या पुढे गेला की दोन माणसं वेगवेगळी ऐकू येतात. जोडाक्षरं आणि ‘ट’, ‘क’, ‘प’ नीट जुळवा. ‘स’ एकाच ट्रॅकवर पूर्ण ठेवा, बाकी तीनवर त्याचा आवाज उतरवा. चार ‘स’ एकावर एक पडले की फुत्कार येतो.

४. पहिले दोन ट्रॅक मधोमध, दुसरे दोन डावी-उजवीकडे ३० ते ४० टक्के, आणि आवाज ४ ते ६ डेसिबल कमी. मग सगळं मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून), फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे आवाज पोकळ झाला तर काहीतरी बिनसलं आहे.

५. रंग उजळ हवा असेल तर कराओके ट्रॅक १ टक्का संथ करा, म्हणजे सूर आणि ताल दोन्ही उतरतील. त्यावर गा आणि फक्त गळ्याचा ट्रॅक तेवढाच वेगात आणा. सॉफ्टवेअरमध्ये सूर न बदलता वेग बदलणारा पर्याय निवडलात तर काहीच होणार नाही, सूर आणि वेग एकत्र बदलणारा पर्याय हवा. २ टक्क्यांपर्यंत ठीक. ३ च्या पुढे आवाज चिरका व्हायला लागतो. वाद्यांवर हेच करायचं असेल तर अर्धा टक्का पुरे. त्याने साधारण ८-९ सेंट फरक पडतो, आणि १०० सेंटचा अर्धा स्वर असतो.

हमखास होणाऱ्या चुका: तोच ट्रॅक कॉपी करून खाली चिकटवणं. त्याने आवाज फक्त मोठा होतो, आणि जरा सरकवला तर डब्यात बोलल्यासारखा येतो. दुसरी चूक, चारही ट्रॅकना कडक ऑटोट्यून (सूर आपोआप जागेवर आणणारं सॉफ्टवेअर). सगळे एकाच रेषेवर आले की ज्या फरकासाठी चौघांचा घाम गाळला तोच पुसला जातो. लावायचाच तर एका ट्रॅकला लावा, बाकी सोडून द्या.

आणि आपल्याकडच्या गळ्यांसाठी खास: शास्त्रीय किंवा भावगीताची तालीम असेल तर हलकीशी मुरकी, मींड आपोआप येते, आणि दर वेळी वेगळी येते. एकट्याने गाताना ते सौंदर्य आहे, चार थरांत त्याचा चिखल होतो. कुठे सूर सरळ, कुठे आंदोलन, कुठे ओळ तोडायची, हे कागदावर खुणा करून आधी ठरवा.

सूरपेटी

मिक्सरवाला, हे फारच उपयोगी आहे, आभार. दोन शंका. ‘फर्नांडो’ मूळ पट्टीत म्हणजे पांढरी सहामध्ये गातोय, पण धृपदात मुलींचा गळा ताणतो. एक स्वर खाली आणावं का? आणि दुसरा आवाज बसवायला ॲपमधलं हार्मनी बटण वापरलं तर मधेच बेसूर का होतं?

खर्ज_ते_तार

पट्टी उतरवण्याआधी थांबा. या गाण्याचा अंतरा खाली आहे आणि धृपद वर. एक स्वर उतरवलात तर धृपद सोपं होईल, पण अंतरा मुलींच्या मंद्राकडे जाऊन नुसता श्वास उरेल. फ्रिडाची खालची बाजू भरलेली होती म्हणून ती चाल तिथे शोभते. पट्टी तीच ठेवा. जिचा आवाज खाली भरतो तिला अंतरा द्या, जिचा हलका आहे तिला धृपदातली वरची ओळ, आणि पहिलीने धृपदात खालची ओळ धरावी. फार तर अर्धा स्वर उतरवा, त्यापेक्षा जास्त नको. तालमीत धृपद सलग वीस मिनिटांहून जास्त घोटू नका, आणि घसा खरखरला तर त्या दिवशी तिथेच थांबा. ‘ताण हवा’ याचा अर्थ मान आवळून ओरडणं नव्हे. गाल आणि जबडा सैल ठेवूनही धार येते.

हार्मनी बटणाचं असं आहे. दुसरा आवाज बहुतेक ठिकाणी तिसऱ्या स्वरावर चालतो: सा वर ग, रे वर म, ग वर प. पण सा ते ग चार अर्धे स्वर आहेत आणि रे ते म तीनच. म वर ध चार, प वर नी चार, ध वर सा तीन, नी वर रे तीन. बटणावर ‘+४’ लावून ठेवलं की रे वर तीव्र म येतो आणि ग वर कोमल ध. म्हणजे दर दोन-चार सुरांनी ठेच. ॲपमध्ये पट्टी आणि थाट निवडायची सोय असेल तर ए मेजर निवडा, आपला बिलावल तोच. नसेल तर पेटीवर ओळ काढून माणसाकडूनच गाऊन घ्या, ॲबानेही तेच केलं.

एलपीडबा

‘फर्नांडो’ बसवताय तर त्याचा जन्म माहीत असू द्या. ते गाणं आधी स्वीडिशमध्ये आलं, १९७५ च्या ‘फ्रिडा एन्साम’ या तिच्या एकल अल्बममध्ये. शब्द ॲबाचा व्यवस्थापक स्टिग अँडरसनचे, विषय प्रेमभंग झालेल्या मित्राचं सांत्वन. मार्च १९७६ च्या इंग्रजी रूपासाठी ब्यॉर्नने संपूर्ण वेगळे शब्द लिहिले: रिओ ग्रांडे नदीकाठी लढलेले दोन म्हातारे सोबती जुन्या रात्री आठवतायत. त्यामुळे अंतरा गाताना शेजारी बसलेल्या एकाच माणसाशी बोलतोय असं गा, सभागृहाशी नव्हे. ऑस्ट्रेलियात ते १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. मार्च १९७७ मध्ये ॲबा सिडनीला गेली तेव्हा उघड्या मैदानावर पाऊस कोसळत होता, मंच ओला, फ्रिडा घसरून पडली आणि उठून पुढे गात राहिली. त्याच दौऱ्यात एक छोटी संगीतिका होती, त्यात ती आणि अग्नेथा दोघीही सोनेरी केसांचे सारखे टोप घालून यायच्या.

एक दुवा आपल्याकडचाही. ‘मामा मिया’ १९७५ चं. १९७७ च्या ‘हम किसीसे कम नहीं’मधलं ‘मिल गया हमको साथी’ त्याच्या चालीवर बेतलेलं आहे, आर. डी. बर्मन यांचं, आणि त्यात आशा भोसले यांचा आवाज आहे. दोन्ही पाठोपाठ ऐका. तिकडे दोघींचे थर एकावर एक, इकडे एकेक आवाज सुटा. वर मिक्सरवाला यांनी जे समजावलं ते दोन मिनिटांत कानाला कळेल.

आता चौथा प्रश्न. ॲबा फुटल्याची घोषणा कधी झालीच नाही. १९८२ मध्ये शेवटची गाणी रेकॉर्ड झाली, डिसेंबरमध्ये शेवटचा टीव्ही कार्यक्रम झाला आणि मग सगळे आपापल्या वाटेने गेले.

‘समथिंग्ज गोइंग ऑन’ (१९८२) हा अल्बम सगळ्यात आधी घ्या. घटस्फोटानंतर ती इंग्लिश ड्रमर-गायक फिल कॉलिन्सचा ‘फेस व्हॅल्यू’ हा अल्बम सतत ऐकत होती आणि तिने त्यालाच निर्माता म्हणून स्टॉकहोमला बोलावलं. रेकॉर्डिंग ॲबाच्याच पोलार स्टुडिओत, तरी आवाज पूर्ण वेगळा: पुढे कॉलिन्सचे धडाडणारे ड्रम आणि फ्रिडाचा आवाज थर न चढवता, काहीसा खरखरीत. रस बॅलार्डने लिहिलेलं ‘आय नो देअर्ज समथिंग गोइंग ऑन’ अमेरिकेत १३ व्या क्रमांकापर्यंत गेलं. ज्यांना तिचा आवाज फक्त गोड वाटतो त्यांनी हे ऐकावं.

‘शाइन’ (१९८४) स्टीव्ह लिलीव्हाइटने केला, रेकॉर्डिंग पॅरिसचं. त्या काळाच्या सिंथसायझरचा भार त्यावर जास्त आहे आणि माझ्या मते ती मधूनमधून झाकली जाते. बेनी आणि ब्यॉर्नने दिलेलं ‘स्लोली’ मात्र सुंदर आहे.

मग १२ वर्षं अल्बम नाही. या काळात ती स्वित्झर्लंडला राहिली, पर्यावरणाच्या कामात उतरली, १९९२ मध्ये हाइनरिश रुझो रॉइस यांच्याशी लग्न केलं. १९९६ चा ‘यूपा आंदेताग’ संपूर्ण स्वीडिश आहे, निर्माता आंदेर्स ग्लेनमार्क. तो स्वीडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. भाषा कळली नाही तरी ऐका, पन्नाशीतला तिचा गळा खाली उतरलेला आणि फार शांत आहे. रॉक्सेट या स्वीडिश जोडीतल्या मारी फ्रेड्रिक्सनबरोबरचं द्वंद्वगीत त्यातलंच. १९९८ मध्ये तिची मुलगी अपघातात गेली, १९९९ मध्ये पती कर्करोगाने. त्यानंतर ती क्वचितच गायली.

ॲबा पुन्हा एकत्र आल्यावरच्या २०२१ च्या ‘व्हॉयेज’ अल्बममधलं ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’ गाताना तिने सत्तरी ओलांडलेली. आवाज खाली सरकलाय, कडा खरबरीत झाल्या आहेत, आणि बेनी-ब्यॉर्नने पट्टी त्याच गळ्याला बेतून ठेवली आहे.

मिक्सरवाला

एक राहिलं होतं. स्वीडिशमध्ये ‘झ’ हा घोष उच्चार नाही, म्हणून दोघींच्या इंग्रजीत बऱ्याचदा ‘झ’च्या जागी ‘स’ ऐकू येतो. तुम्ही त्याची नक्कल करू नका. पण एका मुलीने ‘झ’ आणि दुसरीने ‘स’ असंही होऊ देऊ नका. चार थरांत तो फरक सुरातल्या चुकीपेक्षा आधी कानाला लागतो. आणि मुलग्यांचा ट्रॅक मुलींच्या आधी रेकॉर्ड करा, म्हणजे वरच्या ओळींना खाली धरायला आधार मिळेल.